सेलियाचं एक गाणं लावा : हवानाच्या रेडिओला खुले पत्र

प्रति,
संचालक, रेडिओ प्रोग्रेसो, हवाना
आणि क्युबाच्या सांस्कृतिक मंत्रालयातील संबंधित अधिकारी

विषय : सेलिया क्रूझ यांचे गाणे आपल्या रेडिओवर लावण्याबाबत

महोदय,

पत्र मराठीत आहे, कारण मला लिहिता येते ती हीच भाषा. स्पॅनिश येतं ते कॉफी मागण्यापुरतं. पत्र खुलं असल्याने आधी आमचीच माणसं वाचतील; तुमच्यापर्यंत पोचलंच तर कुणाकडून तरी भाषांतर करून घ्यालच.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीसेक वर्षं काढली. रसात साखर किती, मळीत किती गेली, आजचा उतारा काय, म्हणजे उसातून साखर किती निघाली, हे रोज सकाळी कागदावर मांडायचं, एवढंच काम. क्युबाला कधी आलेलो नाही, पण तुमचा देश आमच्या धंद्यात परका नव्हता. साखरेच्या जुन्या पुस्तकांत क्युबाचे दाखले पानोपानी असायचे. आमचे जुने साहेब उतारा घसरला की वैतागून म्हणायचे, "हे काय क्युबा आहे होय, की आभाळातून साखर पडेल?"

सेलिया क्रूझ, तुमचा देश सुटला म्हणून तुमच्या रेडिओवरून उतरवलेली तुमचीच गायिका. हे नाव मात्र निवृत्तीनंतर कानावर आलं, तेही न्यू जर्सीत. मुलाकडे गेलो होतो. तिथल्या युनियन सिटीत क्युबन लोकांची जुनी वस्ती आहे. एका बेकरीत उभ्या उभ्या कॉफी घेत होतो. वाटी-चमच्यातल्या वाटीहून लहान कप, आत काळाकुट्ट काढा. भिंतीवरच्या स्पीकरमधून एक बाई गात होती. जाड, भरदार आवाज, तळाशी खरखर, आणि तरीही वर चढताना कुठे दम लागल्याची खूण नाही. मध्येच तिने आरोळी ठोकली, "असुकार!" काउंटरमागच्या म्हाताऱ्याने तिच्या सुरात सूर मिसळून तीच आरोळी दिली आणि साखरेची बरणी माझ्यापुढे सरकवली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाई साखर साखर ओरडत होती. जन्मभर साखर मोजलेला माणूस मी, तिथेच अडकलो.

घरी येऊन शब्दाचं मूळ शोधलं. आपली शर्करा इराणात गेली, अरबांकडे तिची सुक्कर झाली, अरबांनी ती स्पेनमध्ये नेली आणि पुढे 'अल्' चिकटून असुकार झाली. इकडे प्राकृतातून येता येता तिचीच साखर झाली. म्हणजे तुमचा शब्द आणि आमचा शब्द एकाच मोळीतले. एवढ्या नात्यावर एखादं पत्र लिहायला हरकत नसावी.

आता मुद्द्याचं. २१ ऑक्टोबर २०२५ ला सेलियाच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने तुमच्याच शहरात, फाब्रिका दे आर्ते कुबानो या कलाकेंद्रात, तिच्यावर एक प्रयोग ठरला होता. तो होऊ दिला नाही. रद्द झाल्याचं सरकारी संगीत केंद्राकडून कळलं, कारण कळलं नाही. कलाकेंद्राच्या लोकांनी मग त्या वेळेला मंच रिकामाच ठेवला. एक खुर्ची, तिच्यावर उजेड, बाकी सगळं शांत. ही बातमी वाचल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. बाईला जाऊन बावीस वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाच्या वाढदिवसाची एवढी धास्ती कुणी घेतलेली मी तरी पाहिली नव्हती.

मी तुम्हाला तिची कहाणी सांगावी हे म्हणजे काशीच्या माणसाला गंगा दाखवण्यासारखं. पण तुमच्याकडच्या तरुण पिढीने ती रेडिओवर ऐकली नसेल, आणि आमच्याकडच्या वाचकांनी तर नावच ऐकलं नसेल. म्हणून थोडं सांगतो.

सेलिया वाढली हवानाच्या सांतोस सुआरेस वस्तीत. बाप सिमोन क्रूझ आगगाडीवर कोळसा मारणारा. आई कातालिना, तिला घरात ओयिता म्हणत. भावंडं चार, पण मावश्या, मावसभावंडं धरून घरात डझनभराहून जास्त पोरं. रात्री लहानांना झोपवायचं काम सेलियाकडे. ती अंगाई म्हणायची आणि पोरं झोपायचीच नाहीत, टक्क जागी राहून ऐकायची. शेजारीपाजारी दाराशी येऊन उभे राहायचे. एकदा एका परदेशी जोडप्याला तिने गाणं म्हणून दाखवलं, तर त्यांनी खूश होऊन तिला बूट घेऊन दिले. गाण्याची तिची पहिली बिदागी ती.

बापाचं म्हणणं, पोरीने मास्तरीण व्हावं. गाणारी बाई म्हणजे लोक काय म्हणतील, ही धास्ती आम्हाला वेगळी समजावून सांगायला नको. आमच्याकडे कित्येक जणींनी घरच्यांना अंधारात ठेवून गाणं शिकलेलं आहे. सेलियाने बापाचा शब्द मोडला नाही, शिक्षकी अभ्यासक्रमाला नाव घातलं. आणि गंमत बघा, तिला तिथून बाहेर काढलं ते एका शिक्षिकेनेच. तिचं म्हणणं साधं होतं : मला महिनाभर शिकवून जे मिळतं ते तू एका दिवसात गाऊन मिळवशील, इथे वेळ घालवू नकोस.

१९४७ च्या सुमारास ती रेडिओवरच्या होतकरू गायकांच्या एका स्पर्धेत उतरली. गाणं निवडलं टँगो, पण हातात क्लावेस. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी : लाकडाच्या दोन छोट्या दांड्या, एकीवर दुसरी वाजवायची, टिपरीसारख्या पण आखूड आणि जाड. त्यावर पाच टोल्यांचा एक ठेका असतो, तीन आणि दोन. तुमचं सगळं संगीत त्या पाच टोल्यांच्या खुंटीला टांगलेलं. आपल्याकडे भजनात टाळ चुकला की अख्खी दिंडी अडखळते, तसंच. पाउलिना आल्वारेस ही तिची लाडकी गायिका क्लावेस हातात घेऊन गायची, म्हणून पोरीनेही त्या घेतल्या. टँगो आणि क्लावेस म्हणजे लावणीला चिपळ्या. पण ती जिंकली. बक्षीस काय, तर एक केक. आईबाप, भावंडं, मावश्या, सगळ्यांत वाटून खाल्लेला एक केक.

गाता गाता अंग हलव, खांबासारखी उभी राहू नकोस, हे तिला तिच्या आना मावशीने सुनावलं होतं म्हणे. पुढे ज्यांनी तिला मंचावर पाहिलं त्यांचा या गोष्टीवर विश्वास बसणार नाही.

यानंतरचा भाग तुमच्या स्टेशनचा आहे, संचालक महोदय, म्हणून जरा थांबून सांगतो. १९५० साली सोनोरा मातान्सेरा या नावाजलेल्या ताफ्याची गायिका मिर्ता सिल्वा आपल्या गावी पोर्तो रिकोला परत गेली. तिच्या जागी ताफ्याचे प्रमुख रोहेलिओ मार्तिनेस यांनी ही काळी, सडपातळ, फारशी कुणाला ठाऊक नसलेली मुलगी घेतली. ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदा ताफ्याबरोबर गायली, ते रेडिओ प्रोग्रेसोवरून. आणि श्रोत्यांची पत्रं आली. ही नको. आमची मिर्ता परत आणा. हिचा आवाज या ताफ्याला शोभत नाही.

तुमच्या जागी तेव्हा जो कोणी बसला असेल, त्याने ती पत्रं वाचली असतील. तिला काढलं मात्र नाही. तबकड्या काढणाऱ्या न्यूयॉर्कच्या सीको कंपनीलाही शंका होती, असल्या नाचऱ्या गाण्यांत बाईचा आवाज कोण विकत घेणार? मार्तिनेस यांनी सांगितलं, तबकडी पडली तर वादकांचे पैसे मी भरतो. 'काओ काओ मानी पिकाओ' निघालं, धडाक्यात चाललं, आणि मार्तिनेस यांच्या खिशाला तोशीस पडली नाही. पुढची पंधरा वर्षं ती त्या ताफ्याबरोबर होती. त्रोपिकाना नाइटक्लबची झगमग, सिनेमांतली गाणी, शेजारच्या देशांचे दौरे, हे सगळं त्यातच आलं.

मला या प्रकरणातली पत्रंच जास्त आवडतात. ७५ वर्षांपूर्वी लोकांनी तुमच्या रेडिओला लिहिलं, हिला काढा. तेव्हा तुम्ही ऐकलं नाही. आता मी लिहितोय, हिला लावा.

१९५९ मध्ये तुमच्याकडे क्रांती झाली. तिच्याबद्दल मी बोलणार नाही; कोयता चालवणाऱ्याच्या पोराला शाळा आणि दवाखाना मिळाला असेल तर त्याचं मोल मला कळतं. आमच्या कारखान्याच्या गाडीतळावर दर हंगामात बीडकडच्या टोळ्या उतरायच्या. पाचटाच्या खोपी, चुलीचा धूर, पहाटे तीनला फडात जायचं, पोरांची शाळा बुडलेली. ते डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला ऊस तोडणाऱ्यांचं राज्य आलं तर वाईट कशाला वाटेल? पण गाणाऱ्यांना मात्र लवकरच कळलं की काय गायचं, कुणासाठी गायचं हे आता वरून ठरणार.

१५ जुलै १९६० ला सोनोरा मातान्सेरा मेक्सिकोच्या करारावर निघाली. परतीचा प्रवास नाही हे मार्तिनेस यांनी विमान उडाल्यावर सांगितलं, असं सेलियाने पुढे लिहून ठेवलंय. चौतीस वर्षांची बाई, आई घरी आजारी, अंगावर दौऱ्यापुरते कपडे. एखाद्याने घर सोडलं असं आपण म्हणतो तेव्हा त्याने निदान मागे वळून दाराकडे बघितलेलं असतं. हिला तेवढीही सवड मिळाली नाही.

एप्रिल १९६२ मध्ये आई गेली. तेव्हा सेलिया न्यूयॉर्कला होती. बातमी तिला थेट कुणी सांगितली नाही. ताफ्यातला ट्रम्पेटवाला पेद्रो नाइट फोनवर कुणाशी तरी बोलत होता, ते तिच्या कानावर पडलं. तिने मायदेशी जाऊन आईला माती द्यायची परवानगी मागितली. मिळाली नाही. त्या रात्री कार्यक्रम ठरलेला होता. तो तिने केला. आमच्या तमाशाच्या फडांत अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, तंबूमागे मयत आणि पुढे बोर्डावर नाच, आणि ऐकणारा हळहळतो. पण तिथे निदान खेळ संपल्यावर मयतापाशी जाऊन बसता यायचं.

त्याच वर्षी जुलैत तिने पेद्रोशी लग्न केलं. पुढे त्याने आपला ट्रम्पेट बाजूला ठेवला आणि जन्मभर तिचं काम पाहिलं. डोक्यावर पिंजल्यासारखे पांढरे केस म्हणून ती त्याला लाडाने कापसाच्या डोक्याचा म्हणायची. ४१ वर्षांचा संसार. आणि साखरेचा गजर करणाऱ्या बाईच्या या नवऱ्याला मधुमेह होता, हेही इथेच सांगून टाकतो.

त्या आरोळीची जन्मकथा ती स्वतः सांगायची. मायामीत एका हॉटेलात जेवल्यावर वेटरने विचारलं, कॉफीत साखर घालू का? ती म्हणाली, अरे, तू क्युबन ना? आपली कॉफी किती कडू असते तुला माहीत नाही? साखर घाल, साखर! हा किस्सा ती मंचावर सांगू लागली. लोक हसायचे, पुन्हा सांगा म्हणायचे. शेवटी किस्सा गळून गेला, शब्द उरला. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा रस आटून पॅनमध्ये दाणा उरला.

काही विद्वान त्या आरोळीत ऊसमळ्यांतल्या गुलामांची हाक ऐकतात. तुमच्याकडे गुलामगिरी गेली ती १८८६ मध्ये, सेलियाच्या जन्माआधी चाळीस वर्षंसुद्धा नाही. त्यामुळे तसं ऐकणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. मला स्वतःला वेटरचीच गोष्ट पुरते.

अमेरिकेतली पहिली दहा-बारा वर्षं तशी पडतीची. तीतो पुएन्तेसारख्या जबर वादकाबरोबर तिने तबकड्यांमागून तबकड्या काढल्या, खपल्या बेताच्याच. न्यूयॉर्कच्या पोरांना रॉक हवं होतं. त्यांच्या आईबापांचं संगीत गाणारी ही आत्या त्यांना कशाला हवी? चाळिशी उलटलेली बाई अशा वेळी साधारणपणे जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत सत्काराची शाल घेताना दिसते.

तिचं झालं उलटं. न्यूयॉर्कमध्ये जॉनी पाचेको हा डोमिनिकन बासरीवाला आणि जेरी मासूची हा वकील, या दोघांनी १९६४ साली फानिया नावाची कंपनी काढली होती. क्युबाचा सोन नावाचा जुना गाण्याचा प्रकार, पोर्तो रिकोचे ठेके, न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांचा तडका, असं मिसळून ते जे विकत होते त्याला सालसा हे नाव पडलं. सालसा म्हणजे चटणी. पाचेको लहानपणापासून सोनोरा मातान्सेराचा भक्त. त्याने सेलियाला गाठलं आणि १९७४ मध्ये दोघांच्या नावाने तबकडी काढली, बरीचशी त्या जुन्या ताफ्याच्या धाटणीत. त्यातलं पहिलंच गाणं 'किम्बारा'. या शब्दाला अर्थ नाही. आमच्या ढोलकीवाल्याच्या बोलांना असतो तेवढाच, म्हणजे वाजवणाऱ्याला सगळा आणि कोशकाराला काहीच नाही. तबकडी सोन्याच्या भावाने गेली. ४८ वर्षांची बाई विशीतल्या पोरांची राणी झाली.

त्याच वर्षी फानियाचा अख्खा ताफा आफ्रिकेत गेला, किन्शासाला. मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या झुंजीच्या निमित्ताने तिथे मोठा संगीत महोत्सव भरला होता. त्याचं चित्रण उपलब्ध आहे, जमलं तर पाहा. स्टेडियम खचाखच भरलेलं, लोकांना स्पॅनिशचा गंध नाही. सेलिया मंचावर येते आणि 'किम्बारा' सुरू करते. ज्या खंडातून तिच्या पूर्वजांना साखळदंडात घालून तुमच्या बेटावर नेलं, तिथे ती त्यांचाच ठेका परत घेऊन आली होती. समोरची गर्दी शब्दांसाठी थांबली नाही. हे मी दहा वेळा तरी पाहिलंय आणि दर वेळी माझी टाच आपोआप जमिनीवर आपटते. घरातले हसतात.

पुढची यादी भराभर सांगतो, सत्कारांत मला फारसा रस नाही. १९८७ मध्ये स्पेनच्या तेनेरीफे बेटावरच्या कार्निव्हलमध्ये तिच्यापुढे अडीच लाख माणूस जमलं आणि विक्रमांच्या पुस्तकात नोंद झाली. १९९० मध्ये पहिला ग्रॅमी, तालवादक रे बारेटोबरोबरच्या तबकडीसाठी. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून कलेचं राष्ट्रीय पदक. २०२४ मध्ये अमेरिकेच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर तिची छबी आली आणि त्यावर कोरलेला शब्द आहे, असुकार. इंग्रजी तिला शेवटपर्यंत धड आलं नाही. माझं इंग्रजी दिसायला फार देखणं नाही, असं ती मिश्कीलपणे सांगायची. जन्मभर ती तुमच्याच भाषेत, तुमच्याच हेलात गायली. चाळीसहून जास्त वर्षं परक्या देशात राहून आपला हेल न सोडणारी माणसं मी न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळातही फार पाहिली नाहीत.

आणि बूट. ज्या मुलीला पहिले बूट गाण्यापोटी मिळाले, तिच्यासाठी पुढे मेक्सिकोतला एक चांभार खास बूट बनवायचा. उंच, पण टाचेखाली काहीच नाही. टाच हवेत, सगळा भार पुढच्या तळव्यावर. ते बूट आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. सत्तरीच्या घरातली बाई त्यावर दोन-दोन तास नाचायची.

वयाच्या ७३व्या वर्षी तिने 'ला विदा एस उन कार्नावाल' गायलं. आयुष्य म्हणजे जत्रा आहे, रडत बसणाऱ्यांनो, गाणं म्हटलं की दुःख पळतं, अशा अर्थाचं. कुणी पंचविशीतल्या पोरीने गायलं असतं तर मी ते गाणं बंद केलं असतं. पण आईच्या मयताला जाऊ न दिलेली बाई हे म्हणते तेव्हा मुकाट्याने ऐकावं लागतं. २००१ मध्ये आलेल्या 'ला नेग्रा तिएने तुम्बाओ' मध्ये तर तिने रॅप करणाऱ्या पोरांनाही बरोबर घेतलं. डिसेंबर २००२ मध्ये मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि त्यातून उठून दोन-तीन महिन्यांत तिने शेवटची ध्वनिमुद्रणं केली. १६ जुलै २००३ ला न्यू जर्सीतल्या फोर्ट लीच्या घरी ती गेली. पार्थिव आधी मायामीला नेलं, ज्या फ्रीडम टॉवरमध्ये क्युबातून आलेल्या निर्वासितांची नोंद व्हायची तिथे ठेवलं, आणि मग न्यूयॉर्कला परत आणलं. दोन्हीकडे हजारोंच्या रांगा. तुमच्या सरकारी वर्तमानपत्रात छोटीशी बातमी आली, आणि त्यातही ती क्रांतीची विरोधक होती हे सांगायला विसरले नाहीत.

तशी ती होतीच. हे मी लपवणार नाही. तिने तुमच्या सरकारबद्दल उघडपणे कडवट शब्द वापरले, आणि सरकार बदलल्याशिवाय परत पाऊल ठेवणार नाही हे व्रत पाळलं. बंदी एका बाजूनेच होती असंही नाही. व्हेनेझुएलाचा गायक ऑस्कर दे लेओन १९८३ मध्ये तुमच्याकडे येऊन गायला तर मायामीतल्या तुमच्याच भाईबंदांनी त्याच्यावर बहिष्कार घातला. या भांडणात कोण किती खरं, हे ठरवायला सांगलीचा केमिस्ट कशाला?

पण रेडिओवरून गाणं काढल्याने काय होतं, हे मी सांगू शकतो. कारण तो उद्योग आम्हीही करून पाहिलाय.

१९५२ साली बाळकृष्ण केसकर आमच्या देशाचे नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला, चांगला शिकलेला, शास्त्रीय संगीताची आवड असलेला मराठी माणूस. सिनेमाच्या गाण्यांनी जनतेची अभिरुची बिघडते असं त्यांना मनापासून वाटलं, आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? मोर्चा नाही, निवेदन नाही. रेडिओची खुंटी पिळून काटा कोलंबोवर नेला. सिलोनवर बुधवारी रात्री अमीन सायानींची गीतमाला लागली की आमच्या गावात चावडीपाशी माणसं जमायची, असं वडील सांगत. परक्या देशाचं स्टेशन आमचीच गाणी आम्हाला ऐकवून गब्बर झालं. शेवटी १९५७ मध्ये सरकारने विविध भारती काढली आणि गाणी घरी आली. पाच वर्षं लागली फक्त.

दुसऱ्यांदा १९७६ मध्ये. आणीबाणी होती. सरकारच्या मर्जीप्रमाणे गायला नकार दिला म्हणून किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून आणि दूरदर्शनवरून उतरवली. ज्यांनी उतरवली त्यांची नावं आज आठवावी लागतात. किशोरचं नाव आठवावं लागत नाही. आमच्या गल्लीत गणपतीच्या मांडवात तो अजून रोज गातो.

तुमच्याकडे तर साठ वर्षं होऊन गेली. २०१२ मध्ये बंदीची यादी काढून टाकल्याच्या बातम्या बाहेरच्या पत्रकारांनी दिल्या होत्या. मी त्या वाचून खूश झालो होतो. मग २०२५ ची ती रिकामी खुर्ची कुठून आली?

१९९० मध्ये सेलिया ग्वान्तानामोच्या अमेरिकी तळावर गायला आली होती. तुमचीच जमीन, पण कुंपणाच्या आतली. त्या कुंपणातून हात घालून तिने पलीकडची मूठभर माती घेतली, ती तेरा वर्षं जपली, आणि ती माती तिच्याबरोबर शवपेटीत गेली. ब्राँक्समधल्या वुडलॉन दफनभूमीत ती आहे. पुढे पेद्रोही तिथेच शेजारी गेला.

तुमच्या साखरेचं जे झालं ते वाचून मला खरंच वाईट वाटतं. १९७० मध्ये तुम्ही एक कोटी टनांचा पण केला होता, पंच्याऐंशी लाखांवर थांबलात. आमच्यासारख्यांना तेव्हा तो आकडाही स्वप्नातला होता. आता तुम्हीच बाहेरून साखर आणता. जुने कारखाने बंद पडले, गाळपाला ऊस नाही. ते पुन्हा उभे करायला यंत्रं लागतील, डिझेल लागेल, पैसा लागेल. तुमच्या अडचणी मोठ्या आहेत, त्यात अमेरिकेची कोंडी वेगळी, याची जाणीव मला आहे. मी मागतो त्याला यातलं काहीच लागत नाही.

एक गाणं लावा. नुसतं गाणं, भाषण नको, चर्चा नको, माफीही नको. निवेदकाने एवढंच म्हणावं : सेलिया क्रूझ आणि सोनोरा मातान्सेरा. १९५० मध्ये तुमच्या स्टेशनवर म्हणत असतील तसंच. तुम्हाला अवघड वाटणारी पुढची गाणी राहू द्या बाजूला. 'काओ काओ मानी पिकाओ' लावा. ते क्रांतीच्या आधीचं आहे, त्यात कुणाविरुद्ध काही नाही, आणि हवानात अजून अशा म्हाताऱ्या असतील ज्यांनी ते लहानपणी तुमच्याच लहरींवर ऐकलं होतं.

तुमचं स्टेशन आता इंटरनेटवर लागतं, मी लावून पाहिलंय. येत्या २१ ऑक्टोबरला हवानात रात्री आठ वाजता लावलंत तर आमच्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील. पाळीची नोकरी सुटली तरी मला तेव्हा जाग येतेच. चहा टाकून बसतो.

आपला,
एक निवृत्त साखर केमिस्ट
जिल्हा सांगली, महाराष्ट्र

ता. क. : माझ्या चहात डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. त्या दिवशी एक चमचा घालणार आहे.